बिलाच्या खिडकीपलीकडून: अपघात रात्री, बिल सकाळी

गेल्या अंकात इमर्जन्सीतल्या डिपॉझिटबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरा विषय घेतच नाहीये. नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी १४ वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या बिलिंगला होते, त्यातली बरीचशी नाईटला, कॅज्युअल्टीला लागून जी खिडकी असते ना, तिथे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, तेव्हा हाड कसं जोडायचं ते मला विचारू नका, पण हाड जोडल्याचं बिल कसं बनतं ते आतून बघितलंय. पत्रं थोडी कापलीत, नावं सगळी काढलीत.

ताई, भाच्याची बाईक हायवेला रात्री साडेअकराला घसरली. डोक्याला मार, कानातून रक्त. सगळ्यात जवळच्या खाजगी हॉस्पिटलला नेलं तर खिडकीवर म्हणाले आधी ५०,००० भरा मग सिटी स्कॅन. तिघा मित्रांनी मिळून फोनपे केलं, पण त्यात चाळीस मिनिटं गेली. हे कायद्यात बसतं का? (सातारा जिल्हा)

नाही बसत. आणि हे आजचं नाही, १९८९ पासून नाही बसत. परमानंद कटारा केस म्हणून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, एका भल्या माणसाने त्याला जवळच्या हॉस्पिटलला नेलं, तिथे म्हणाले आम्ही पोलीस केस घेत नाही, २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलला न्या, आणि तो रस्त्यातच गेला. कोर्टाने सांगितलं की सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, बाकीच्या फॉर्मॅलिटी नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये पण हेच आहे, ड्युटीवरच्या डॉक्टरने कुठल्याही सोपस्काराची वाट न बघता अपघातग्रस्ताला उपचार द्यायचे. आणि रुग्णहक्कांची जी सनद आहे, जी २०२१ च्या नर्सिंग होम नोंदणी नियमांनंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक नर्सिंग होमने, म्हणजे खाजगी हॉस्पिटलने, दर्शनी भागात लावायची आहे, तिच्यात इमर्जन्सीत अ‍ॅडव्हान्ससाठी अडवायचं नाही असं आहे.

पण इथे एक गैरसमज होतो तो सांगते. आधी पैसे मागायचे नाहीत याचा अर्थ पैसे घ्यायचेच नाहीत असा होत नाही. बिल होणार, आणि ते तुम्हालाच भरायचं आहे (योजनांचं पुढे येतंच आहे). फक्त पेशंट स्थिर होईपर्यंत पैशासाठी हात थांबवायचा नाही, एवढाच तो हक्क आहे. आता डोक्याला मार आणि कानातून रक्त म्हणल्यावर सिटी स्कॅन हा स्थिर करण्याचाच भाग झाला, तो काही हौसेचा तपास नाही.

खिडकीवर काय बोलायचं? भांडू नका. खिडकीतल्या मुलीच्या हातात खरंच काही नसतं, हे मी तीच मुलगी होते म्हणून सांगतेय. आमच्या सिस्टीममध्ये डिपॉझिटचा रकाना रिकामा ठेवला की आयपी नंबरच (भरती पेशंटचा नोंदणी नंबर) निघायचा नाही, आणि आयपी नंबर नाही तर सिटीवाला स्लिप घेणार नाही. मला कामाला लागून दोन महिने झाले असतील, एक बाई नवऱ्याला घेऊन आली, पायाचा पार चेंदा झालेला, तिच्याकडे पर्समध्ये ३०० रुपये, आणि मी बसलेय स्क्रीनकडे बघत. कॅज्युअल्टीच्या सिनियर सिस्टर आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून त्या रकान्यात १ टाइप केलं, एंटर मारलं, नंबर निघाला. म्हणाल्या, एक रुपया माझ्याकडून घे. त्यानंतर मी ते किती वेळा केलं ते विचारू नका, सकाळी अकाउंट्सचे साहेब ओरडायचे. सांगायचा मुद्दा हा की बटण असतं, ते दाबायचा अधिकार कोणाकडे आहे तेवढं शोधायचं. कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर किंवा नाईट सुपरवायझर. त्यांना म्हणा, ‘तुम्ही उपचार सुरू करा, आम्ही पैशाची सोय करतोय, आणि पैशाशिवाय सुरू करणार नसाल तर केसपेपरवर तसं लिहून द्या.’ तसं लिहून देणारा माणूस मला १४ वर्षांत भेटलेला नाही.

पुण्यात मार्च-एप्रिल २०२५ मध्ये एका गरोदर बाईकडे डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, ती गेली, मोर्चे निघाले, त्यानंतर डिपॉझिट हा शब्द खिडकीवर जरा जपून वापरतात म्हणे. आता ‘इनिशियल पेमेंट’ म्हणतात.

तक्रार करायची असेल तर शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. २०२१ च्या नियमात त्यांनी तक्रार निवारण कक्ष ठेवायचा आहे. केसपेपरवरचा आल्याचा टाइम, फोनपेचा टाइम आणि सिटीच्या रिपोर्टवरचा टाइम, तिन्हीचे प्रिंट लावा. चाळीस मिनिटं त्यात आपोआप दिसतात.

नवऱ्याचा अपघात, मांडीचं हाड मोडलं आणि बरगड्या. पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं १ लाख ८० हजार होतील. नऊ दिवसांनी बिल आलं ४ लाख ६२ हजार. विचारलं तर म्हणतात इमर्जन्सीत एस्टिमेट नसतंच. मग रेट कार्ड कशाला लावतात भिंतीवर? (पिंपरी)

तुमच्या पत्रासोबत बिलाची झेरॉक्स होती, सहा पानं, मी रविवारी दुपारी पेन्सिल घेऊन बसले होते त्यावर. सगळं इथे मावणार नाही, पण बाकीच्यांच्या पण उपयोगाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हॉस्पिटलच्या बाजूने एक गोष्ट, कारण ती खरी आहे. अपघाताच्या पेशंटचं पहिल्या तासात अचूक एस्टिमेट देता येत नाही. मोतीबिंदूचं देता येतं. इथे मांडी दिसते म्हणून मांडी धरतात, आणि दुसऱ्या दिवशी छातीत हवा भरते, नळी टाकावी लागते, आयसीयू वाढतो. मला हे मान्य आहे. पण ‘एस्टिमेट नसतंच’ हे मला मान्य नाही. महिन्याला पंधरा-वीस मांड्या जोडणाऱ्या हॉस्पिटलला साधी मांडी कितीला जाते आणि आयसीयूसकट कितीला जाते हे पाठ असतं, आम्हाला काउंटरवर बसून पाठ होतं तर त्यांना नसेल का. इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि वाढलं तर या कारणाने वाढेल, असं एका कागदावर लिहून द्यायला काहीही अडचण नसते. तुम्हाला खालचा आकडा सांगितला आणि वरचा गिळला.

आता वाढलं कुठे.

तुमचे चार दिवस आयसीयूचे. रेट कार्डवर आयसीयू बेडचा एक आकडा असतो आणि माणूस तो गुणिले चार करतो. पण बेड म्हणजे नुसता बेड. मॉनिटर वेगळा, ऑक्सिजन वेगळा, नर्सिंग वेगळं, इंटेन्सिविस्टच्या (आयसीयूच्या डॉक्टरांच्या) व्हिजिट वेगळ्या, आणि व्हिजिट दिवसाला दोन. तुमच्या बिलात ऑर्थोचे डॉक्टर, छातीचे डॉक्टर, फिजिशियन आणि एक न्यूरोसर्जन आहेत. न्यूरोसर्जन एकदाच आले, डोकं ठीक आहे म्हणून गेले, पण त्यांच्या व्हिजिट तीन लागल्यात. हे विचारा. केसपेपरवर प्रत्येक व्हिजिटची नोंद सहीसकट असते, नोंद नाही तर व्हिजिट नाही, एवढं सोपं आहे.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही. पाचव्या दिवशी जनरलमध्ये जागा नाही म्हणून तुम्हाला सेमी-प्रायव्हेटला हलवलं आणि ऑपरेशन त्यानंतर झालं. बहुतेक हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची फी, थिएटर, भूल, सगळं खाटेच्या क्लासवर ठरतं. तोच सर्जन, तेच थिएटर, तीच कात्री, पण पेशंट ज्या खाटेवरून आला त्याप्रमाणे दर. म्हणजे खोलीचे दिवसाला हजार-दीड हजार जास्त जातील असं तुम्ही धरलं होतं, आणि वाढला तो पूर्ण ऑपरेशनचा दर. जागा नव्हती ही त्यांची अडचण होती, तुमची मागणी नव्हती, तेव्हा दर जनरलचाच लावा असं त्याच दिवशी लेखी द्यायला हवं होतं. आता पण द्या, शिफ्टिंगच्या नोंदीत ‘बेड उपलब्ध नाही’ असं सिस्टरने लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

तिसरं औषधं. मेडिकलचं बिल ९७ हजार. वॉर्डातून इंडेंट (औषधांच्या मागणीची चिठ्ठी) जातो, डबा येतो, त्यातलं निम्मं वापरलं जातं आणि उरलेलं परत जायला हवं, त्याला रिटर्न म्हणतात. तुमच्या नऊ दिवसांत रिटर्न शून्य. शून्य रिटर्न मला कधीच खरं वाटत नाही, कधी तरी एखादी सलाईनची बाटली उरतेच ना. औषधं बाहेरून आणायचा हक्कही तुम्हाला आहे, इथल्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही असा फलक हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये लावा असं राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२५ मध्ये सांगितलंय. इमर्जन्सीत रात्री दोनला कोण बाहेर जाणार, ते ठीक, पण चौथ्या दिवशीचं रोज तीन वेळा लागणारं अँटिबायोटिक बाहेरून आणता येतं आणि त्यात फरक पडतो.

आणि इम्प्लांट. मांडीत रॉड टाकलाय, वर-खाली स्क्रू. लोकांना वाटतं सरकारने इम्प्लांटचे दर बांधलेत. बांधलेत ते हृदयाच्या स्टेंटचे, फेब्रुवारी २०१७ मध्ये, आणि गुडघ्याच्या सांध्याचे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. अपघातात लागणाऱ्या रॉड, प्लेट, स्क्रूला तशी कमाल किंमत नाही. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्यात आली त्यामुळे छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, पण मुळात छापली किती यावर बंधन नाही, आणि हॉस्पिटलला ती वस्तू छापील किमतीपेक्षा खूप स्वस्तात पडते. म्हणून इम्प्लांट ठरवताना ‘देशी की इम्पोर्टेड’ एवढंच न विचारता एमआरपी किती आणि तुम्ही लावणार किती हे विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं, कंपनी, बॅच नंबर, साइज, किंमत. ते केसपेपरला चिकटवतात. त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या. मग ऑपरेशननंतरचा एक्सरे खिडकीच्या काचेला लावून धरा आणि स्क्रू मोजा, पांढरे स्वच्छ दिसतात, मोजायला डॉक्टर लागत नाही. तुमच्या बिलात सहा स्क्रू आहेत. एक्सरेचा फोटो तुम्ही पाठवलाय त्यात मला चार दिसतात. लगेच चोर म्हणू नका हं, कधीकधी साइज चुकते, उघडलेला स्क्रू परत पाकिटात जात नाही, तसं ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलं असेल तर ठीक. नसेल तर दोन स्क्रूचे पैसे परत.

रेट कार्डचं विचारलंत. भिंतीवरचं कार्ड २०२१ च्या नियमांमुळे आलं, बेड, आयसीयू, डॉक्टर व्हिजिट, भूल, थिएटर, ऑक्सिजन असे सगळे आकडे त्यावर हवेत. एक करा, पहिल्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे बिलातल्या दराशी ताडून बघायला तोच लागतो, आणि फोटो काढताना सिक्युरिटीवाल्याने हटकलं तर समजा की काढायलाच हवा होता. रात्रीच्या ऑपरेशनला इमर्जन्सीचा जादा आकार किती, ते मात्र कार्डच्या तळाशी बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. ते तोंडाने विचारायचं.

आणि रोज संध्याकाळी इंटरिम बिल, म्हणजे त्या दिवसापर्यंतचं बिल, मागायचं. रोज. आमच्याकडे एक आजोबा यायचे, वही घेऊन, सहा वाजता, सून आयसीयूत, ते प्रत्येक ओळ वहीत उतरवायचे आणि जे कळलं नाही त्यापुढे फुली मारून मला विचारायचे. पहिले दोन दिवस मला वैताग आला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या बिलात चूक होऊ नये म्हणून वॉर्डवाले स्वतःच दोनदा तपासून पाठवायला लागले.

बँकेतल्या मित्राने सांगितलं रोड अपघाताला दीड लाख सरकार भरतं. आम्ही हॉस्पिटलला विचारलं तर म्हणाले असं काही आमच्याकडे येत नाही. नेमकं काय आहे? (अहिल्यानगर)

मित्र बरोबर आहे. केंद्राची कॅशलेस उपचार योजना ५ मे २०२५ ला अधिसूचित झाली, तीही सुप्रीम कोर्टाने कान धरल्यावर. मोटार गाडीमुळे रस्त्यावर अपघात झालेला कोणीही, चालत जाणारा असला तरी, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. पण योजनेत नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये. जे नेमलेलं नाही तिथे फक्त पेशंट स्थिर करण्यापुरतं मिळतं. आणि पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून ११२ ला फोन हा पहिल्याच अर्ध्या तासात करायचा, ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून जो फोन टाळला जातो तोच नंतर दीड लाखाला पडतो. कायद्यात हे कलम २०१९ च्या दुरुस्तीत आलं होतं, गोल्डन अवर म्हणजे इजा झाल्यापासूनचा एक तास ही व्याख्या पण तेव्हाचीच, योजना यायला मात्र सहा वर्षं लागली. गोल्डन अवर, म्हणायचं आणि काय.

दुसरी आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलात. गेटजवळ आरोग्यमित्र (योजनेचा माणूस) बसलेला असतो, तो दिसला नाही तर १५५३८८ ला फोन करा आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं ते विचारा. इमर्जन्सीत तो आधी फोनवरून नोंद करतो, रेशन कार्ड वगैरे नंतर आणून दिलं तर चालतं. एक खाच आहे, आधी स्वतःच्या पैशाने ॲडमिट होऊन चार दिवसांनी योजना आठवली तर आधीचे पैसे परत मिळवताना घाम फुटतो. पहिल्या खिडकीवर, पहिल्या वाक्यात विचारा.

तिसरं, ट्रस्टची हॉस्पिटलं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. त्यांना सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्यात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्यात. मोठमोठी, काचेच्या दरवाजांची, आत कॉफीचं दुकान असलेली हॉस्पिटलं यात आहेत, नावावरून कळत नाही. पाटीवर ‘धर्मादाय’ शब्द शोधा आणि मेडिकल सोशल वर्करला भेटा. ती बाई बहुतेक तळमजल्यावर, जिन्याखाली, पंख्याचा आवाज येणाऱ्या खोलीत बसते. का ते मला कधी कळलं नाही.

आणि ॲम्ब्युलन्स. १०८ फुकट आहे. हॉस्पिटलच्या दारात उभ्या असलेल्या खाजगी गाड्यांचा दर निघायच्या आधी विचारा.

रस्त्यात पडलेल्या माणसाला हॉस्पिटलला नेलं तर बिल माझ्याच गळ्यात पडेल अशी भीती वाटते. (चिपळूण)

नाही पडत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ. नाव सांगायची सक्ती नाही, थांबायची नाही, पैसे भरायची तर अजिबात नाही. उलट जीव वाचला तर सरकारकडून बक्षीस आहे, आधी ५,००० होतं, आता २५,००० केलंय. खिडकीवर फॉर्ममध्ये ‘नातेवाइकाचे नाव’ या रकान्यात तुमची सही मागतील. तिथे सही करू नका, ‘आणून सोडणारा’ असं लिहा आणि निघा.

पाच लाखाची पॉलिसी, बिल साडेतीन लाख, तरी ७५ हजार कापले. कारण लिहिलंय ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. टीपीएवाला (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणारा) इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला. (ठाणे)

पॉलिसीत बघा, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असेल. म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही घेतली ८,००० ची. तुम्हाला वाटलं दिवसाला ३,००० खिशातून जातील. पण वर सांगितलं ना, खोलीच्या क्लासवर बाकीचे दर चढतात, म्हणून कंपनी म्हणते की खोलीशी जोडलेला सगळा खर्च पण मी पाच-अष्टमांशच देणार. डॉक्टर, थिएटर, नर्सिंग मिळून २ लाख असतील तर १ लाख २५ हजार मंजूर, ७५ हजार तुमचे. हिशोब जुळतोय, टीपीएवाला खोटं नाही बोलला. मात्र औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही, ते तेवढं तपासा, बऱ्याचदा सरसकट लावतात. आणि डिस्चार्जच्या दिवशी ताटकळत ठेवलं असेल तर, हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यावर तीन तासांत कंपनीने उत्तर द्यायचं असा आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा) २०२४ चा नियम आहे, उशिरामुळे जो जादा आकार पडेल तो कंपनीने सोसायचा.

सासरे तीन महिन्यांसाठी आलेत, बर्फावर घसरून पडले, ॲम्ब्युलन्सने ट्रॉमा सेंटरला नेलं, फ्रॅक्चर नाही म्हणून सहा तासांत सोडलं. बिलात नुसतं ‘ट्रॉमा ॲक्टिवेशन’ म्हणून १४ हजार डॉलर! व्हिजिटर इन्शुरन्सने थोडेसेच दिले. (एडिसन, न्यू जर्सी)

तिकडचं बिल मी कधी बनवलेलं नाही, पण माझी मावसबहीण तिकडे बिलिंगमध्येच आहे (आमच्या घराण्याला शाप असावा), तिच्याशी तासभर बोलून लिहितेय. ट्रॉमा ॲक्टिवेशन म्हणजे पेशंट यायच्या आधी ॲम्ब्युलन्सचा फोन आला म्हणून सर्जनची पूर्ण टीम बोलावून उभी केली, त्या उभं राहण्याचे पैसे. उपचार झाले की नाही याच्याशी संबंध नाही. पण आधी फोन आला असेल तरच ती फी लावता येते, स्वतःहून चालत आलेल्याला नाही. म्हणून ॲम्ब्युलन्सचा रन रिपोर्ट (त्या फेरीची नोंद) आणि ओळनओळ बिल, दोन्ही मागा. टीम कोणत्या पातळीची बोलावली आणि बिल कोणत्या पातळीचं लावलं, हे जुळतं का बघा.

हॉस्पिटलच्या वेबसाइटवर २०२१ पासून दर टाकायची सक्ती आहे, पण घसरून पडलेला माणूस बर्फावर बसून वेबसाइट बघणार आहे का. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा, २०२२ पासून लागू झालेला नो सरप्राइजेस ॲक्ट आहे तोही मुख्यतः नेहमीच्या अमेरिकन इन्शुरन्सवाल्यांसाठी, आणि रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स त्यात नाहीच.

तुमच्या कामाचं हे: हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांची आर्थिक मदतीची लेखी पॉलिसी असावीच लागते आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. सासऱ्यांचं उत्पन्न म्हणजे इथली पेन्शन, ती डॉलरमध्ये मांडून दाखवा. क्रेडिट कार्डवर बिल भरून टाकायची घाई करू नका, एकदा कार्डावर गेलं की ते बँकेचं कर्ज झालं, हॉस्पिटलशी बोलणी संपली. पुढच्या वेळी आई-वडिलांना बोलवाल तेव्हा ‘फिक्स्ड बेनिफिट’वाली स्वस्त पॉलिसी घेऊ नका, तिच्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेला छोटा आकडा मिळतो आणि बाकी सगळं आपलं.

डिस्चार्ज झाला, पण १८ हजार बाकी म्हणून पेपर देत नाहीत. मोटार अपघात कोर्टात दावा लावायचाय. (नागपूर)

बाकी पैशासाठी पेशंट अडवता येत नाही, रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे, आणि रेकॉर्डची कॉपी लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची हा तर डॉक्टरांच्या कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम. १८ हजार ते वेगळे वसूल करू शकतात, तो त्यांचा हक्क आहे, बुडवा असं मी म्हणत नाहीये. अर्ज आवक-जावकला द्या, शिक्का घ्या. दाव्याला मूळ बिलं लागतात, इन्शुरन्सला दिली असतील तर शिक्क्याच्या प्रती ठेवा. आणि थांबू नका, २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणलीय.

छोटा प्रश्न आहे ताई. बिलात शेवटी ‘विविध: ११,४०० रु.’ असं आहे. हे काय असतं? (मिरज)

विविध नावाचा कुठलाच उपचार नसतो. ही ओळ कशी तयार होते ते सांगते: सकाळी आठला शिफ्ट बदलते, वॉर्डाकडून आलेल्या चिठ्ठ्यांवरचे कोड सिस्टीमला सापडत नाहीत, मागे डिस्चार्जची रांग लागलेली असते, मग काउंटरवरचा माणूस सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करून ‘विविध’मध्ये टाकतो. मीही टाकलेल्या आहेत. त्या चिठ्ठ्या फेकत नाहीत, टाचणीला लावून ठेवतात. ‘विविधचा तपशील द्यावा’ एवढ्या एका ओळीचा अर्ज करा, बिल नंबर घाला. बायोमेडिकल वेस्ट, फाइल चार्ज, ड्रेसिंगचं सामान वगैरे मिळून दोन-तीन हजारांचं निघेल असा माझा अंदाज आहे. बाकीचं काय सांगतात ते मला कळवा, मला पण उत्सुकता आहे.